होडी ओढायला वीस माणसं

हल्ली पेपरात येतं, समुद्र शहरात घुसला तर काय करायचं याची मुंबईत तयारी चाललीय. बैठका होतात म्हणे. होऊ द्या. आमची तयारी होती, आणि ती एका शेठनं कुलूप लावून बंद केली.

मी दादरच्या किनाऱ्यावरची, कोळ्याची पोर. आमची तयारी म्हणजे एक वाट. वाऱ्यानं भरती फुगली की वाळूवरच्या होड्या फुटतात, म्हणून त्या ओंडक्यांवरून ओढत वर रस्त्यापर्यंत न्यायच्या. आज्यापणज्यापासून त्याच वाटेनं. मग शेठनं बंगला बांधला, वाटेवर भिंत घातली, भिंतीला फाटक. आई विचारायला गेली तर म्हणाला, "मुंबईला कुठं वादळं येतात, बाई? आलंच तर उघडू की." मेल्याची जीभ साखरेची होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात बाबा तुरुंगात गेले आणि त्याच कार्तिकात दर्या बिघडला. वारा सुटायच्या आधीच लांब लांब लाटा येऊ लागल्या, गढूळ. आजी नुसतं पाण्याकडं बघून म्हणाली, "मोठं पाणी येतंय गो. आधी होडी काढा." बंदरात बोटींसाठी वादळाचा बावटा चढवला होता म्हणे. आम्हाला सांगायला कोण येणार! वाडीतले बहुतेक पुरुष बाबांबरोबर आत. तेव्हा बायकाच जमल्या, वीस जणी. दोर खांद्यावर घेतला, "हैया हो" करत होडी फाटकापर्यंत आणली. फाटकाला कुलूप. गुरखा म्हणाला, किल्ली शेठकडं. आणि शेठ वर गच्चीत उभा, हातात चहाचा कप! आईनं हात जोडले. तो आत गेला. किल्ली आणायला गेला, असंच वाटलं आम्हाला. त्यानं पोलिसांना फोन केला होता.

हवालदार चार शिपाई घेऊन आला. तेव्हा जमावबंदी होती, पाच माणसं एकत्र दिसली की लाठी. "मोर्चा काढता काय? घोषणा देता?"

"अवो सायेब, होडी ओढतोय, मोर्चा कसला!" आई ओरडली.

"मग चार जणी ओढा."

वीस जणींची होडी चार जणी! बायका पांगवल्या, दोर सुटला, आणि दुपारच्या भरतीनं होडी उचलून त्याच भिंतीवर आपटली. तीनदा आपटली. मग फळ्याच उरल्या. आईनं तिथंच भर पाण्यात उभं राहून तळतळाट दिला, "शेठ, तुजा सत्यानाश होईल!"

बाबा सुटून आले, फळ्या बघितल्या. दुसरी होडी घेणं आमच्यानं होण्यासारखं नव्हतं. ते शिवडीच्या गोदामात गोण्या उचलायला जाऊ लागले. दर्यावर वाढलेला माणूस सकाळी ट्राम पकडायला धावायचा. ते बघून मला रोज शेठचा गळा धरावासा वाटे. वाडीनं एवढंच केलं, त्याच्या दारात एकही कोळीण पाटी घेऊन गेली नाही. पापलेटाशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, तो लांबून शिळी मासळी आणवायचा. आम्ही पोरी खुदूखुदू हसायचो.

दोन वर्षांनी पुन्हा तसंच पाणी चढलं आणि भिंतीचा पाया उकरायला लागलं. शेठ स्वतः वाडीत आला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. "वाळूची पोती टाकायला माणसं द्या. म्हणाल ते देतो." आई पायरीवर कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शेठ, पाच मानसं जमली की मोर्चा व्हतो. इचारा हवालदाराला."

भिंत पडली तेव्हा सगळी वाडी बघत उभी होती. कुणी जागचं हललं नाही. दगड कोसळले, बाग खाऱ्या पाण्यात गेली, शेठ डोक्याला हात लावून रडला. मी डोळे भरून पाहिलं. माझं काळीज थंड झालं, आणि ते मी तेव्हा लपवलं नाही, आजही लपवत नाही. चांगली अद्दल घडली मेल्याला.

संध्याकाळी बाबा शिवडीहून आले. मी धावत सुटले, "बाबा, भिंत पडली! अख्खी!" त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले. पाणी ओसरलं होतं. वाट थेट रस्त्यापर्यंत मोकळी दिसत होती.

"आता काय ओढू गो?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात सोडला.