रिकाम्या जागांची यादी

भिवंडीतल्या नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळायचे. तालुक्यातला जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे टेबलातली एक ओळ; तिच्यातच त्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. घरं, गोदामं दुसऱ्या टेबलात. एके दिवशी साहेबांनी वडपे गावाच्या बाजूच्या, एकही बांधकाम नसलेल्या जमिनींची यादी मागितली. कोणासाठी, ते सांगितलं नाही.

पहिली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घातलेला प्रश्न, सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतच राहिली. प्रत्येक तुकडा ती लाखो घरांशी ताडून पाहत होती. मग मी दोन्ही टेबलांवर इंडेक्स बांधला, म्हणजे फक्त जवळची घरं तपासली जातील. चहा संपायच्या आत यादी आली. खुशीतच मी ती पाठवून दिली.

दोन दिवसांनी सहज ती नकाशावर टाकून पाहिली, तर त्यात डोंगराखालचा पाडा होता. आमच्या शेतावर भात लावायला येणारी मावशी तिथली. तिच्या ओट्यावर मी कितीदा जेवले होते. तिथे अकरा घरं. टेबलात एकही नाही. घरांचं टेबल विमानातून घेतलेल्या फोटोंवरून भरलेलं, आणि त्यांत ही कुडाची घरं झाडांखाली झाकली गेली होती.

रविवारी तिथे गेले. मावशी अंगण सारवत होती. शुक्रवारी दोन माणसं येऊन पाड्याच्या चारी कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा करून गेल्याचं तिने सांगितलं. तुम्हाला काही विचारलं का, म्हटलं.

"न्हाय. एकानं मोबाइल बगला नि दुसऱ्याला म्हनला, हितं कोन ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "मी त्याच्या म्होरंच उभी व्हते."

फोन घेऊन मी प्रत्येक घराला फेरी मारली, कोपरे टिपले आणि सोमवारी अकरा ओळी टेबलात भरल्या. यादी पुन्हा काढली. आता पाडा तिच्यात नव्हता. ती साहेबांना पाठवली. साहेबांनी घरांचे कागद मागितले. मी स्वतः पाहून आलेय, असं सांगितलं. गुरुवारी त्या अकरा ओळी गायब होत्या, आणि टेबलात लिहिण्याचा माझा अधिकारही.

मी नोकरी सोडली. घरं दाखवणारा नकाशा छापून मावशीला दिला. पाड्यातल्या लोकांनी तो जोडून तहसील कचेरीत अर्ज केला, पोच घेतली. परवा गेले तेव्हा चुन्याच्या जागी कुंपणाचे लोखंडी खांब उभे होते. पहिली यादी कोणाकोणाकडे गेली, हे मला आजही ठाऊक नाही.