एका दाराचं घर

युद्धातून पळून आलेल्यांसाठी सरकार तीन दिवसांत उभी राहणारी घरं बांधणार होतं. त्यातलं नमुन्याचं घर आम्ही लखनौला, आमच्या संस्थेच्या मैदानात उभारलं. मी तिथली इंजिनिअर. ते घर बघायला म्यानमारमधून पळून आलेली एक बाई यायची. जवळच्या वस्तीत राहायची, कचरा वेचायची. नाव विचारलं की भिंतीकडे वळायची.

पंखा, ओटा, नळ यांकडे तिने कधी पाहिलं नाही. बोटांनी भिंती ठोकत ती खोलीभर फिरायची.

एका दुपारी बाहेर ट्रकमधून पत्रे कोसळले. मी दचकले, तोवर तिने मला खाली ओढून माझ्या तोंडावर हात दाबला होता. हात काढून ती कुजबुजली, "दीदी, पीछे का दरवाज़ा किधर है?"

"पीछे नहीं है. एक ही है."

"हमारे घर में भी एक ही था. वो लोग उसी से आए."

मी संस्थेतल्या साहेबांशी भांडून मागचं दार मंजूर करून घेतलं आणि तिला सांगायला वस्तीत गेले. तिची झोपडी रिकामी होती. चुलीवरचा भात अजून गरम होता. शेजारच्या झोपडीतली बाई पडद्याआडूनच बोलली, "अभी पुलिस की जीप आई थी, कागज़ देखने."

"उसे ले गए? या भाग गई?"

"पता नहीं. आप भी जाइए."

मी चालायला लागले. गल्लीच्या वळणावर लक्षात आलं, मी पळत होते.