आत्याच्या हातचं द्राक्षासव

साऱ्या मद्रास राज्यात दारूबंदी होती आणि कुंभकोणमला आमच्या माजघरामागच्या खोलीत बरण्या फसफसत होत्या. माझे वडील वैद्य. द्राक्षासवाचा परवाना त्यांच्या नावाचा, पण आसव करायची ती त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. काळ्या मनुका कुटायच्या, काढा आटवायचा, गूळ आणि आंबायला धायटीची फुलं घालून बरणीचं तोंड मातीनं लिंपायचं. मग ती रोज बरणीला कान लावी. आतली सळसळ थांबली की म्हणे, "निजलं. आता गाळा." गडद तांबडं आसव बाटल्यांत भरलं जाई.

औषध खरं, पण चवीला असं की नाक्यावरचा एक पोलीस वर्षभर खोकत होता. आई म्हणायची, "मेल्याला बाटली बघून उबळ येते."

आसवाबरोबर काय खायचं, ते बायका आत्यालाच विचारत. बाळंतिणीनं ऊन भात, मिऱ्यांचं रसम आणि तुपात तळलेला लसूण खायचा, त्यावर आसव. अशक्त पोरीला शेवग्याचा पाला घातलेलं वरण. दह्याचं आणि आसवाचं मात्र हाडवैर. हे सांगणारी बाई स्वतः लसणाला शिवत नव्हती. नवव्या वर्षी लग्न, न्हाण यायच्या आत नवरा गेला. केस गेले, रात्रीचं जेवण गेलं. आसव तर आंबवलेलं, म्हणजे विधवेला वर्ज्यच. तिनं थेंबसुद्धा कधी जिभेवर ठेवला नव्हता. करायला तिचे हात चालत होते, प्यायला तोंड चालत नव्हतं. हा कुठला न्याय, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मी चौदा वर्षांची असताना आत्याचं अन्न तुटलं. घास पोटात ठरेना, हातापायांच्या काड्या झाल्या. वडिलांनी चूर्णं दिली, काढे दिले. आसवाचं नाव काढलं नाही. एका दुपारी आई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गावातल्या बायकांना त्या आसवानं उठवून बसवता. पाठच्या बहिणीला द्यायला काय झालं?"

"सोवळ्यातली आहे ती. तिचा नेम मी मोडू?"

"नेम तिचा की तुमचा? विचारलंत कधी तिला?"

वडिलांनी खल पुढे ओढला. गल्ली काय म्हणेल, याची त्यांना फार धास्ती. आत्या पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत होती, पण आपण होऊन मागणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. असेच दिवस जात राहिले आणि ती वाळत गेली.

शेवटी एका सकाळी वडिलांनी मला तांदळाची पातळ कंजी आणायला सांगितलं आणि स्वतः वाटीत आसव घेऊन तिच्या उशाशी बसले. मी आत आल्यावर आधी दार लावून घेतलं. हे लिहितानाही मला त्यांचा राग येतो. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग तोंड उघडलं. ते चमचाभर आसव तिनं कितीतरी वेळ जिभेवरच धरून ठेवलं.

"अण्णा, असं असतं होय हे?" ती म्हणाली. "किती छान लागतं रे. मग मला का नाही दिलंस कधी?"

बोलण्यात राग नव्हता. खरोखरच विचारत होती. वडिलांना रडू आलं. दुसरा चमचा तिच्या गालावरून ओघळला, तो मी हातानं पुसला. कंजी तशीच राहिली.

संध्याकाळी ती गेली. कावेरीवरून परतल्यावर माणसं ओसरीवर टेकली, तेव्हा शेजारचे म्हातारे शास्त्री वडिलांना म्हणाले, "घरात औषध असून तुम्ही शेवटपर्यंत बहिणीचं सोवळं राखलंत. धन्य आहे."

वडिलांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत. आई उठून आत गेली.