चाळीस पावलांची सुतळी

मला मदत केली ती बजाजनगरात खानावळ चालवणाऱ्या मावशींनी. हे आधीच सांगून टाकतो. कंपनीत आजही कुणी नवीन माणूस विचारतो की एवढ्या मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट कशी नाही, तेव्हा जुने लोक माझ्याकडं बोट दाखवतात. स्टोअरवाल्यानंच ओळखलं होतं म्हणतात, डोकं आहे गड्याला. मी गप्प बसतो. इतकी वर्षं गप्प बसून आता थकायला झालंय.

मी जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आमची मेंढरं वर्षातले आठ महिने फिरत आणि शाळा काही फिरत नसे, त्यामुळं सहावीतच ती सुटली. वाळूजला आलो तो हमालीला. गाडीतून उतरणाऱ्या पेट्या मी मेंढरं मोजावीत तशा जोडीजोडीनं नजरेनं मोजायचो आणि आकडा चुकत नव्हता, म्हणून साहेबांनी मला स्टोअरमध्ये घेतलं. किती शिकलास हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्यांनी नुसती हाक मारली तरी वाटायचं, की आज विचारणार.

विद्यापीठाच्या नामांतराचा लढा तेव्हा चालू होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा शहरात संचारबंदी. शहराला औरंगाबादच म्हणायचो आम्ही. इकडं वाळूजला मात्र नवनव्या शेड उठतच होत्या. मावशींच्या खानावळीत नामांतर पाहिजे म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच ओळीत, मांडीला मांडी लावून जेवायचे. आवाज चढला की मावशी भाकरी थापायचं थांबवायच्या. "ताटावर बसल्यावर नाव फक्त भाजीचं काढायचं," म्हणायच्या, आणि लोक खाली बघून जेवायचे. नामांतर पाहिजे म्हणणारे आमच्यातले दोघं मोर्चाला जाऊन जेलमध्ये बसले, तर त्यांची ताटं रोज मांडून झाकून ठेवायच्या. त्या दोघांचं म्हणणं खरं होतं हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ते मोठ्यानं बोललो नाही. माझा स्वभावच तसा.

त्या दिवसांत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या बैठकीवर, रचलेल्या ओतीव लोखंडी भागांच्या पेट्या माणसांनी ढकलत न्यायच्या, हे आता पुरे म्हणाले. पॅलेट उचलायला काहीतरी घ्यायचं. तीन विक्रेत्यांची माहितीपत्रकं माझ्यापुढं टाकली. "वापरणार तू. तेव्हा काय घ्यायचं ते तूच लिहून सही कर. माझं विचारशील तर फोर्कलिफ्ट. शेजारच्यांकडं आलीय."

माहितीपत्रकं इंग्रजीत. मी चित्रं बघितली. एक साधा हँड पॅलेट ट्रक, म्हणजे दोन लांब पात्यांची ट्रॉली. दांडा पंपासारखा हलवला की पॅलेट चार बोटं वर उठतं आणि माणूस ती ओढत नेतो. दुसरा स्टॅकर, तोही हातानं चालवायचा, पण पॅलेट वर रॅकपर्यंत चढवणारा. तिसरी डिझेलवरची फोर्कलिफ्ट, बसून चालवायची. तिचा विक्रेता स्वतः येऊन गेला. जेवढं उचलते त्याच्या जवळजवळ दुप्पट तिचं स्वतःचं वजन आहे, म्हणून ती पुढं कलंडत नाही, हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. सोमवारी गाडी आणून चालवूनच दाखवतो म्हणाला.

मला दोन रात्री झोप नाही. फोर्कलिफ्ट लिहून दिली आणि काही बिघडलं तर सही माझी. नको म्हणून लिहिलं तर साहेब कारण विचारणार, मग शिक्षण विचारणार, आणि मी परत पेट्या उचलायला. घरी चिठ्ठी जायची त्यात मी स्टोअरकीपर झालो असं लिहिलेलं. ती कुठल्या तोंडानं बदलणार होतो?

शनिवारी जेवताना घास जाईना. मावशींनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांना फोर्कलिफ्ट काय ते माहीत नव्हतं. वजन ऐकल्यावर मात्र त्या चुलीपासून उठून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"ती फिरणार कुठं?"

म्हटलं, शटरातून आत गेल्यावर डावीकडं, बाहेर लागलेल्या गाड्यांत भरायचा माल जिथून नेतात तिथं.

मावशींनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "तिथं आमची हीर व्हती."

कंपनीची ती जमीन पूर्वी त्यांची शेती होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. जमीन गेली, आणि शेडचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराला मातीच्या पाट्या टाकायला माणसं हवी होती. मावशी रोजानं गेल्या. त्यांचे यजमान तो आठवडा घराबाहेर पडले नाहीत. विहीर बुजवायला आधी दगड, मग मुरूम. मुरूम कमी पडला तशी वरची काळी मातीच लोटली, आणि धुम्मसानं ठोकून न बसवताच काँक्रीट ओतलं. "म्या माझ्या हातानं टाकल्या पाट्या. ती माती बसली नसंल अजून. काळी माती हाय ती."

मी म्हणालो, मावशी, नक्की जागा कशी सांगणार? साहेबांना काय दाखवू?

"गेटापाशी लिंबाचं झाड ठिवलंय ना? त्याच्यापासून नीट उगवतीला चाळीस पावलं. पाणी आणायला रोज जात व्हते."

मी लगेच म्हणालो, उद्या मोजतो. त्यांनी मला वेड्यात काढलं. "तुझी ढांग मेंढरामागची. माझी पावलं धर." आणि खानावळीपुढच्या गल्लीत, डोक्यावर हंडा असल्यासारख्या ताठ, त्या चाळीस पावलं चालल्या. मी मागून सुतळी सोडत गेलो. जिथं थांबल्या तिथं गाठ मारली. ओसरीवरचे लोक हसत होते. मावशींना लग्नाला मापाचं लुगडं घ्यायचंय का, असं एकानं विचारलं.

रविवारी कंपनीला सुट्टी. वॉचमनला स्टॉक मोजायचाय सांगून मी आत गेलो. सुतळीचं एक टोक लिंबाला बांधलं आणि नीट उगवतीला धरून शटरातून आत गेलो. गाठ बरोबर माल भरायच्या जागेवर आली. वरून फरशी सपाट दिसत होती. मला वाटलं, आता काय, नुसती गाठ साहेबांना दाखवू? मग बादलीवर बादली पाणी ओतलं. पाणी इकडं तिकडं पळालं, मग हळूहळू एका जागी गोळा झालं आणि थांबलं. बैलगाडीचं चाक आडवं ठेवावं तसं गोल, पण चाकापेक्षा कितीतरी मोठं, विहिरीएवढं. मी त्याच्या कडेला उकिडवा बसून राहिलो. सुटल्यासारखं वाटलं, आणि आपण त्या गोलावरून रोज चालत होतो हेही मनात आलं.

सोमवारी फोर्कलिफ्ट यायच्या आधी साहेबांना तिथं नेलं आणि पुन्हा पाणी ओतलं. आधी ते चिडले. मग बसून त्यांनी फरशीवर पहारीचं टोक आपटून बघितलं, आवाज पोकळ आला, आणि फोर्कलिफ्टवाल्याला गेटवरूनच परत पाठवलं. आठवड्यानं ती जागा फोडली. काँक्रीटखाली वीतभर पोकळी होती. त्या गाडीनं भरल्या पॅलेटसकट तिथं वळण घेतलं असतं तर ती चालवणाऱ्यासकट आत गेली असती.

शेवटी मी लिहिलं ते असं: दोन हँड पॅलेट ट्रक, आणि पलीकडच्या पक्क्या अर्ध्या भागात रॅक करून एक हातानं चालणारा स्टॅकर. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं. बुजवलेल्या जागेभोवती पिवळ्या रंगाचा गोल मारला, तो अजून दर दिवाळीआधी नव्यानं मारतो.

साहेबांनी विचारलं होतं, "तुला रे कसं कळलं?"

मी म्हणालो, "पाणी तिथं साचायचं, साहेब."

एवढंच. खानावळीतल्या बाईनं सांगितलं म्हटलं तर पुढचा प्रश्न माझ्या शिक्षणाचा येईल असं वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी ती घेतली.

मावशींना पोकळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "खाली पाणी व्हतं का?" ओल होती म्हणालो. त्यांनी मान हलवली. "लई पाणी व्हतं तिला. एकदा बघाया पायजे." खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, घरची माणसं आत येतात, तेव्हा नेतो म्हणालो. त्या वर्षी शहरात वातावरण तापलेलं म्हणून बाहेरच्या कुणाला सोडलं नाही. पुढच्या वर्षी सोडलं, पण मी पास मागायलाच गेलो नाही. त्यांना नेलं असतं तर ही बाई कोण, हे सांगावं लागलं असतं. मग खानावळ बंद झाली आणि मावशी फुलंब्रीला लेकीकडं गेल्या.

आता माझी नोकरी थोडी उरलीय. मावशी आहेत, गुडघ्यांनी थकल्यात, चाळीस पावलं त्यांना आता लांब पडतील. मागच्या महिन्यात फुलंब्रीला जाऊन आलो तर त्यांनी माझ्या जेवणाचंच विचारलं, विहिरीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. एसटीत बसल्यावर मात्र ठरवलं. येत्या खंडेनवमीला मी त्यांना रिक्षानं लिंबापर्यंत आणणार, हात धरून पिवळ्या गोलापाशी नेणार, आणि तिथं जमलेल्या सगळ्यांना सांगणार की ओळखलं ते यांनी, मी सहावी शिकलेला माणूस, मी फक्त सुतळी धरली होती. मावशी, तुमचं एवढं देणं मी फेडणार.