राबात गेलेली ओकची माती

रिक्षा पनवेलजवळच्या विचुंब्याच्या वळणावर आली आणि माझ्या नर्सरीतून धूर निघताना दिसला. रिक्षा पुरती थांबायच्या आतच मी उतरले.

मागच्या वाफ्याभोवती आमच्या बायका उभ्या होत्या. वाफा आतल्या आत धुमसत होता. जनाबाई, म्हणजे बायकांची मुकादम, काठीने कडेची माती वर ओढत होती.

"काय जाळताय?"

"राब केलाय, वयनी. तुमचा पार्सल आला ना टेम्पोनं. बियानं बादलीत काढून ठेवलाय. त्याच्यासंगं पाल्याचा पोता होता, त्योच लावला."

"ते पोतं जाळलंत?"

"मंग? पेरायच्या आधी राब नाय भाजला तं काय उगवंल?"

आमच्या भागात भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरतात, वरून माती लोटतात आणि हळूहळू भाजतात. तण जळतं, कीड मरते, रोप जोमदार येतं. यालाच राब म्हणतात. या बायका लहानपणापासून तेच करत आल्या होत्या. पण त्या पोत्यात साधा पाला नव्हता. ती कुमाऊंच्या ओकच्या जंगलातली माती होती, आणि ती माझ्यासाठी बियांपेक्षा मोलाची होती.

मी पाण्याचा पाइप ओढला आणि वाफ्यावर सोडला. तोंडाने काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. जनाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आदी सांगाचा ना मंग. आमाला काय सपान पडतंय?"

ओकचा हा उद्योग सुरू झाला तळोज्यात. तिथल्या एका केमिकल कंपनीची बाग मी सांभाळत होते. दगड आणि राडारोडा उपसून ती मीच उभी केली होती. पुढे कंपनीने मुंबईचे लँडस्केप कन्सल्टंट नेमले. त्यांना आपण कामत म्हणू. ते आले आणि गेटवर त्यांच्या नावाची पाटी लागली. मला ते सगळ्यांसमोर "आपल्या माळीणबाई" म्हणायचे. बाजारात टोपलीतून झेंडूची रोपं विकून मी इथवर आले, माळीण म्हटल्याचा मला राग नाही. "आपल्या" म्हटल्याचा आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं होती. परदेशी कंपन्यांशी भागीदारीचं वारं होतं. आमच्या कंपनीच्या भागीदाराच्या चिन्हात ओकचं पान होतं. पावसाळा संपल्यावर त्यांचे चेअरमन येणार, त्यांच्या हातून ओकची झाडं लावायची, तीही दोन जातींची, असं ठरलं. कल्पना कामतांची. रोपं करायची मी.

"साहेब, ओक थंडीतलं झाड आहे. पनवेलचा मे महिना त्याला सोसणार नाही," मी जनरल मॅनेजर देसाईंना म्हटलं.

"समारंभापर्यंत तरी सोसेल ना?"

"बघते."

"बघते नको, बाई. जमत नसेल तर कामत दुसरा माणूस देतायत. मग बागेचं कॉन्ट्रॅक्टही त्यालाच द्यावं लागेल."

बागेवर माझ्या सगळ्या बायकांची चूल पेटत होती. मी हो म्हटलं.

नर्सरीवाले काही वेळा सिल्व्हर ओक देऊन मोकळे होतात. त्याचा खऱ्या ओकशी काही संबंध नाही. मला तसलं काम करायचं नव्हतं. ओळखीतून कुमाऊंमधले रावत नावाचे निवृत्त रेंजर सापडले. त्यांनी दोन जातींच्या बिया पाठवायचं कबूल केलं. एक बांज, दुसरा फल्यांट. फोनवर त्यांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. ओकची बी वाळली की मेली, म्हणून आली की लगेच पेरा. आणि सोबतच्या पोत्यातली माती प्रत्येक पिशवीत घाला. ओकच्या मुळांना एक बुरशी लागते. ती मुळांना चिकटून राहते आणि त्यांना जमिनीतून अन्न ओढून देते. ती जंगलाच्या मातीतच मिळते. तुमच्या लाल मातीत ती नाही.

पार्सल माझ्या माघारी आलं आणि पुढचं तुम्ही वाचलंच.

एसटीडी बूथवरून रावतांना फोन लावला. दुसरं पोतं पाठवा म्हटलं. ते म्हणाले, वर बर्फ पडलंय, रस्ता बंद आहे, उन्हाळ्याशिवाय काही नाही. तोवर बिया थांबणार नव्हत्या.

मी परत येऊन वाफा उकरला. राब वरून भाजत खाली जातो. मी लवकर पाणी मारल्यामुळे तळाशी थोडी काळी, ओलसर माती कच्ची राहिली होती. जेमतेम घमेलंभर निघाली. सगळ्या पिशव्यांना ती पुरणार नव्हती. चिमूटचिमूट वाटली असती तर कशालाच उपयोग झाला नसता. मी दोन्ही जातींची एकेक रांग निवडली आणि सगळी माती त्या दोन रांगांना घातली.

राबात आणखी एक गोष्ट गेली होती. ओकची बी खालच्या बाजूने एका वाटीत बसलेली असते. बांजच्या वाटीवर खवले असतात, फल्यांटच्या वाटीवर गोल कडी. जात ओळखायची ती सोपी खूण. बायकांनी दोन जाती दोन बादल्यांत वेगळ्या ठेवल्या होत्या, पण वाट्या सोलून राबात टाकल्या होत्या.

"खवल्यांचा या बादलीत, बांगड्यांचा त्या बादलीत," जनाबाई म्हणाली. "मासली निवडतो आमी, चुकतोय व्हय?"

बिया उगवल्या. दोन-तीन पानं आली आणि तिथेच थांबल्या. पानं पिवळी पडू लागली. उन्हं वाढली. मी जाळी दुहेरी केली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. रोज उठून आधी त्या पिशव्यांकडे जायची, आणि बायका माझ्या तोंडाकडे बघून आपसातलं बोलणं थांबवायच्या.

अशात देसाई साहेब कामतांना घेऊन आले.

कामतांनी एक रोप या बाजूचं उचललं, एक त्या बाजूचं. "ही दोन्ही एकच आहेत. देसाई, तुम्हाला एकाच जातीची दोन नावं सांगून गुंडाळतायत."

"जिभेला हाड आहे का तुमच्या?" मी म्हटलं.

"मग दाखवा फरक."

तिथेच मी अडकले. मोठ्या पानांत फरक ढळढळीत असतो. बांजच्या पानाला साधारण सगळ्या कडेने दाते असतात आणि खालून पांढरट लव. फल्यांटचं पान लांबट, दाते फक्त टोकाकडच्या अर्ध्या भागात, आणि खालची बाजू राखाडी पण गुळगुळीत. पण ही पहिली पानं इवलीशी, पिवळी, सुरकुतलेली. त्यांत मलाच धड ओळखू येत नव्हतं. वाट्या असत्या तर तोंडावर मारल्या असत्या.

"नवी पानं येऊ द्या. मग दाखवते."

"येतील?" देसाई साहेबांनी विचारलं.

मी कामतांच्या हातातली रोपं काढून घेतली. बागेचा निर्णय पाऊस सुरू झाल्यावर घेऊ, असं म्हणून ते गाडीत बसले. कामत हसत होते.

मी कोपऱ्यातल्या दोन रांगांकडे गेले. त्या राबातून वाचलेल्या मातीवाल्या. तिथली रोपंही लहानच होती, पण पिवळी नव्हती. एका पिशवीतलं रोप अलगद काढून मुळं पाहिली. टोकांवर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसत होती. बुरशी जगली होती.

मग डोकं चाललं. बुरशी इथे आहे, तर इथूनच ती पसरवता येईल. दह्याचं विरजण लावतो तसं. मी जनाबाईला बोलावलं. त्या दोन रांगांतल्या मुळांजवळची माती चमच्याने काढायची आणि प्रत्येक पिवळ्या रोपाच्या मुळाशी खोचायची.

"चांगल्या रोपांना दुखवाचा?" ती म्हणाली. "त्येबी गेलं तं?"

"तर तुझं-माझं दोघींचं बागेतलं काम गेलं."

"मंग द्या चमचा."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. काही चांगली रोपं खरंच गेली. पण उरलेल्यांना पाऊस सुरू व्हायच्या सुमारास शेंड्यावर लालसर कोंब दिसले. पावसाने हवा गार झाली आणि पानं उलगडली. कामत पुन्हा आले तेव्हा मी बांजचं पान उलटं केलं आणि त्यांचा अंगठा धरून त्यावर घासला. अंगठ्याला पांढरी लव लागली. फल्यांटवर घासला, काही लागलं नाही.

"ठीक आहे," कामत म्हणाले. त्यांनी रुमालाने अंगठा पुसला.

देसाई साहेब मात्र खुशीत होते. "वा, बाई! कधी आणताय तळोज्याला?"

"बागेचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं करा, मग आणते. आणि ओक पुढे जगले नाहीत तरी ते चालू राहील."

"हे काय? झाडांची गॅरंटी नको द्यायला?"

"उन्हाची गॅरंटी तुम्ही देता का, साहेब? आणि तुमच्या चिमणीच्या धुराची?"

ते बराच वेळ कुरकुरले. पण समारंभ तोंडावर होता आणि पनवेलमध्ये ओक फक्त माझ्याकडे होते. त्यांनी मान्य केलं.

समारंभ झाला. चेअरमननी झाडं लावली, फोटो निघाले, भाषणात कामतांचे आभार मानले गेले. माझं नाव कुणी घेतलं नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

बांज पुढच्याच उन्हाळ्यात वाळले. फल्यांटची दोन झाडं तग धरून राहिली, तीही खुरटीच. देसाई साहेबांनी फोन केला, जरा चढ्या आवाजात. मी ठरलेल्या बोलीची आठवण करून दिली आणि वाळलेल्या बांजच्या जागी इथल्या उन्हात टिकणारी तामणाची झाडं लावली. बायकांचं काम चालू राहिलं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. झाड जगेल, असं मी कुणालाही सांगत नाही. झाडावर मेहनत घेईन, एवढंच सांगते, आणि दर मेहनतीचा ठरवते.