आक्कानं अक्षता घेतल्या नाहीत

चिकलठाण्याच्या कडेला आमची वस्ती. लागोपाठ दुष्काळ पडला, चारा संपला, मेंढरं विकली. मग शहरच वाढत वाढत दारात आलं आणि वावरांचे प्लॉट पडले. पैसा आला तशा गाड्या आल्या, अन् गाड्यांमागून भावकीतल्या गड्यांच्या कमरेला पिस्तुलं आली. लांडगे होते तेव्हा ह्यांना काठी पुरत होती. मेंढरंच उरली नाहीत तेव्हा पिस्तूल लागलं! परवाना होता म्हणे. असेल. पण वरातीत बार काढल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटेना मेल्यांना.

अशाच एका वरातीच्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, लेक गेली. ती वरातीत नव्हतीसुद्धा. मागच्या गल्लीत टँकर आला होता, तिथं घागर घेऊन उभी होती. वरून आलेली गोळी डोक्यात शिरली. बायकांना वाटलं, उन्हानं चक्कर आली. तोंडावर पाणी मारलं, पण पोरगी उठली नाही.

बार काढणारे बरेच होते, आमचा सख्खा भाऊही त्यातलाच. पोलीस आले तर जो तो म्हणाला, माझी नाय. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. सगळे आपलेच ना! गोळी कुणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मला तेव्हा एकेकाचं थोबाड फोडावंसं वाटायचं, आजही वाटतं.

आमच्यात लग्नाचं आवतण म्हणजे अक्षता. लग्नघरचं माणूस दारात येतं, अक्षता हातावर ठेवतं. त्या घेतल्या की येणं कबूल. न घेणं म्हणजे चारचौघांत तोंडात मारल्यासारखं. आक्कानं तेच धरलं. कुणीही आलं तरी ती हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, "आधी पिस्तूल ठाण्यात जमा कर, मग अक्षता दे." कुणी तिला येडी म्हणालं. कुणी शरमेनं खरंच जमा करून आलं. मी शेजारी बसून असायची. कुणी उलट बोललं की त्याचा समाचार घ्यायला मी होतेच.

मग भावाच्याच पोराचं लग्न निघालं. आक्का नवरदेवाची थोरली आत्या, पहिला मान तिचा. भाऊ-वहिनी अक्षता घेऊन आले.

"आक्का, तुझ्याबिगर पोराला हळद कशी लागंल?"

"पिस्तूल ठिवून ये."

"उडवत नाय गं. नुसतं कमरेला राहू दे. पाव्हण्यांत इज्जतीचा सवाल हाय."

"त्या दिशी बी ते कमरेलाच व्हतं."

भावानं अक्षता उंबऱ्यावर टाकल्या आणि तो तरातरा निघून गेला. वहिनी मागं वळून बघत राहिली.

लग्नाला आम्ही दोघी गेलो नाही. दिवस मावळताना वरात आमच्या रस्त्याला लागली आणि धाडकन बार झाला. आक्का अनवाणीच धावली. मी मागं. वरातीत घुसून ती एकेका लेकराचं डोकं चाचपायला लागली. बँड थांबला.

"आक्का, अगं कुणाला बी लागलं नाय," भाऊ म्हणाला. पिस्तूल हातातच होतं. "हवेत उडवली."

आक्का घोड्यापुढं रस्त्यातच बसली. "वर गेली ना? मंग खाली कुठं आली, ते बघून ये. समद्या गल्ल्या हिंड. घराघरात इचार, तुमचं माणूस धड हाय का. तवर मी उठत नाय."

भाऊ हसला. बाकी कुणी हसलं नाही. तेवढ्यात मागच्या गल्लीतून एका बाईची जोरात हाक आली. भावाचं तोंड पांढरंफटक पडलं. पिस्तूल वहिनीच्या हातात कोंबून, फेटा पडला तरी न थांबता तो तिकडं पळत सुटला.

ती बाई लेकराला जेवायला बोलवत होती.