मावशीनं दिलेली खोली

गंगामावशी गेल्याचा फोन तिच्या मालकांनी, नामदेवकाकांनी केला. "हार्टचं झालं," म्हणाले. मी दोनदा विचारलं, दुसरं काही नव्हतं ना? नव्हतं. एवढी वर्षं एचआयव्ही अंगावर वागवून बाई शेवटी चारचौघांसारखी, पिकल्या वयात गेली. खोटं कशाला बोलू, रडता रडता मला हायसं वाटलं...

आमची ओळख नांदेडच्या दवाखान्यात, गोळ्यांच्या रांगेत झाली. माझं माहेर हिमायतनगरकडचं. पहिल्या नवऱ्यानं मला हा आजार दिला आणि तो गेला. मी खाली मान घालून बसायची. मावशीचंही तसंच झालेलं, पण ती इस्त्रीचं पातळ नेसून, गजरा माळून यायची. "आजार रक्तात हाय, केसात न्हाई," म्हणायची. नामदेवकाका तिला त्याच रांगेत भेटले. माझं दुसरं लग्नही तिनंच जुळवलं, निलंग्याला. ह्यांना आजार नाही. सगळं माहीत असून हो म्हणाले, आणि तिथंच माझी पंचाईत झाली. मला जसा मिळाला तसा मी ह्यांना दिला तर?

त्या साली दुष्काळ लई कडक. टँकर पहाटे यायचा, आणि मला निमित्तच सापडलं. लग्न झाल्यापासून मी दारात, घागरींजवळ झोपायची. हे बिचारे ते खरंच मानायचे. माझा नंबर कधी चुकत नाही, असं मावशीला फोनवर कौतुकानं सांगायला गेले. तिनं लगेच ओळखलं. "पाण्यासाठी झोपतीस का नवऱ्याला भिऊन? उद्या दोघंबी हिकडं या."

एसटीत लोक नवा जिल्हा होणार की नाही यावर भांडून राहिले होते, माझं तिकडं लक्ष नव्हतं. नांदेडला मावशीच्या खोलीवर पोचलो तर ती पिशवी भरून, काकांना घेऊन बहिणीकडं निघालेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "गोळ्या टायमावर घेतीस, रिपोर्ट चांगला हाय. निरोध फळीवर ठेवलेत, लपवले न्हाईत. त्यो माणूस तुझ्यासाठी आलाय, घागरीसाठी न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं... आणि हसूही आलं. चार दिवस ती खोली आमची होती. माझा संसार खरा तिथं सुरू झाला.

पुढं ह्यांची तपासणी झाली. काही निघालं नाही. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी मावशीला फोन लावला. "मला ठाव होतं," एवढंच म्हणून तिनं ठेवून दिला. मला थोडा रागच आला.

परवा आम्ही दोघं भेटायला गेलो. काका त्याच खोलीत बाजेवर बसले होते. ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या तपासणीच्या दिवशी ती हितंच बसून होती, सकाळपास्नं. च्या न्हाई, गोळी न्हाई. 'पोरीला म्याच भरीला घातलं, काय झालं तर तोंड कसं दाखवू,' एवढंच म्हणायची. तुमचा फोन ठेवला, लई रडली, अन् मग गोळी घेतली."